बीपी-शुगरच्या पेशंटचा पाठपुरावा फोनवरून: काय चालतं, कुठे फसतं

नाडीपरीक्षा
तालुक्याच्या गावातला धर्मादाय दवाखाना. दर बुधवारी सकाळी ९ ते १ बीपी-शुगरची ओपीडी. रजिस्टरात ४०० नावं, पण महिन्याला जेमतेम निम्मी उगवतात. हाताशी एक डॉक्टर, एक सिस्टर, एक संगणक आणि दोन सिमचा एक फोन. एका विश्वस्तांनी 'आपलं स्वतःचं अ‍ॅप काढू' असा धोशा लावलाय आणि कोटेशनही मागवून ठेवलंय. पैसे घालण्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घेतो. पेशंट बहुतेक पंचावन्नच्या पुढचे, निम्म्यांकडे साधा बटणांचा फोन. अ‍ॅप, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, रेकॉर्डेड कॉल यांतलं काय घ्यावं? आणि घरी मोजलेल्या बीपीवर किती विसंबायचं? तत्त्वज्ञान नको, करायचं कसं ते सांगा.

डेव्हनागरी
पेशंटसाठी अ‍ॅप काढू नका, कोटेशन परत पाठवा. पेशंटच्या हातून अ‍ॅप चालायला डेटा पॅक लागतो, फोनमध्ये जागा लागते, ओटीपी वाचून टाकावा लागतो आणि नातवाने अ‍ॅप उडवलं तर परत टाकून द्यायला माणूस लागतो. यातल्या प्रत्येक पायरीला काही जण गळतात, आणि आधी गळतात ते नेमके ज्यांचं बीपी सगळ्यात वाईट आहे तेच.

तुम्हाला लागते ती 'कोण आलं नाही' याची यादी. साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. रकाने असे: केसपेपर नंबर, नाव, फोन, फोन कोणाचा, शेवटची भेट, त्या दिवशीचं वरचं बीपी, खालचं बीपी, किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढची तारीख, कॉल केल्याची तारीख, कॉलचं उत्तर. पुढची तारीख हाताने लिहू नका. भेटीची तारीख अधिक २८ असं सूत्र टाका, म्हणजे बुधवारवरून बुधवारवरच येते. पुढची तारीख उलटून ७ दिवस झाले की ओळ लाल. दर गुरुवारी सकाळी लाल ओळींतल्या पेशंटना वरून खाली फोन करायचे. झालं तुमचं 'अ‍ॅप'.

तयार काही हवंच असेल तर 'सिंपल' नावाचं मुक्तस्रोत अ‍ॅप आहे, पण ते दवाखान्याच्या फोनवर चालतं, पेशंटच्या नाही. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात ते वापरलं गेलं. महाराष्ट्रात सुरुवातीचे जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. पेशंटला क्यूआर कोडचं कार्ड मिळतं. ते स्कॅन केलं की नोंद उघडते, बीपी आणि औषध टाकलं की मिनिटाच्या आत काम संपतं. न आलेल्यांची यादी ते आपोआप काढतं आणि तिथूनच कॉल लागतो. पाहा, तिथेही मुख्य माल म्हणजे तीच यादी.

सिस्टरताई
'फोन कोणाचा' हा रकाना डेव्हनागरींनी लिहिला त्याबद्दल त्यांना शंभरपैकी शंभर. त्यात भर घालते. केसपेपरवर लिहिलेला नंबर खरा धरायचाच नाही. काहींनी सिम बदललेलं असतं, काहींचा रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालेलं असतं, काहींचा एक आकडा चुकलेला असतो. उपाय एकच. पेशंट समोर बसलेला असताना त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. खिशात वाजला तर 'स्वतःचा'. नाही वाजला तर विचारायचं: घरी आहे का, सुनेकडे आहे का, शेजारच्यांचा दिलाय का. दर भेटीला करा, १० सेकंदांचं काम.

दुसरा नंबर घ्याच. आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल तेही. शेतावर जाणारा माणूस सकाळी ९ ला उचलत नाही. संध्याकाळी सातनंतर उचलतो, पण मालिका सुरू झाली की घरातलं कोणीच उचलत नाही.

फोनवर पहिलं वाक्य 'का आला नाहीत?' असं असेल तर पुढचं सगळं खोटं ऐकायला मिळतं. असं बोला: "काकू, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. बरी आहे ना तब्येत? जरा गोळ्यांचं पाकीट हातात घ्या बघू. किती उरल्यात?" पाकीट हातात आलं की आकडा खरा येतो. न येण्याचं कारण ठरावीक सात-आठ शब्दांतच नोंदवा: गोळ्या शिल्लक, दुसरीकडून घेतो, परगावी, त्रास झाला, बरं वाटलं म्हणून बंद, भाड्याला पैसे नाहीत, सोबत कोणी नाही, मयत. 'मयत' टाकायला विसरू नका. नाहीतर तेराव्याच्या दिवशी घरच्यांना 'गोळ्या घ्यायला या' असा मेसेज जातो.

'त्रास झाला' म्हटलं तर नेमका कोणता ते विचारून डॉक्टरांना कळवायचं. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. पेशंट सांगत नाही, गोळी सोडून देतो. डोस बदलायचा तो मात्र डॉक्टरांनीच, सिस्टरने फोनवर नाही.

शंकासुर
मेसेज पाठवून माणसं सुधारली असती तर सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राने कधीच सुधारली असती. या सगळ्याचा काही पुरावा आहे का, की नुसतं डिजिटल डिजिटल?

ओपीडी_खोली_दोन
आहे पुरावा, आणि तो तुमच्या बाजूनेही आहे आणि विरुद्धही. म्हणून नीट लिहितो.

बाजूने आधी. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. निम्म्या केंद्रांत नर्सच्या टॅब्लेटवर औषधयोजना सुचवणारी प्रणाली दिली. उरलेल्या निम्म्यांत ती नव्हती, पण तिथल्या नर्स-डॉक्टरांना प्रशिक्षण आणि उपचाराचे तक्ते मिळाले. वर्षभराने बीपी दोन्हीकडे उतरलं होतं, आणि दोन गटांत फरक नव्हता. मी याचा अर्थ असा लावतो की प्रशिक्षित नर्स आणि ठरलेली औषधयोजना असेल तर त्या टॅब्लेटमुळे फारशी भर पडत नाही.

आता विरुद्ध. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर दक्षिण भारतात दोन वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. सुरुवातीला सगळ्यांनाच आहार-व्यायामाचा सल्ला दिला. एका गटाला शिवाय नेमाने एसएमएस, तेही त्यांनी निवडलेल्या वेळी आणि त्यांची मनाची तयारी कुठवर आलीय ते पाहून लिहिलेले. दोन वर्षांत त्या गटातल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटातल्या २७ टक्क्यांना. साध्या एसएमएसने एवढं साधलं.

मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो केनियातला एचआयव्हीच्या औषधांचा प्रयोग, २०१० चा. दर सोमवारी पेशंटला स्वाहिलीत एकच शब्द जायचा, 'माम्बो?' म्हणजे 'काय म्हणता?'. त्याने ४८ तासांत 'सावा' (ठीक) किंवा 'शिदा' (अडचण) असं कळवायचं. 'शिदा' म्हणणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्याला नर्स फोन करायची. गोळी, आजार, दवाखाना यांपैकी एकही शब्द मेसेजमध्ये नाही. औषध नियमित घेतो म्हणणारे मेसेजच्या गटात ६२ टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. आणि हे नुसतं बोलण्यावर नव्हतं, रक्तातला विषाणूही त्या गटात जास्त जणांचा दबला.

केनियातच पुढच्या वर्षी आणखी एक अभ्यास आला. आठवड्याला एक मेसेज उपयोगी पडला, रोजचा मेसेज पडला नाही. लांब, धीर देणारा मजकूर घातल्यानेही जास्त काही मिळालं नाही. रोज वाजणारा गजर आपण सगळेच झोपेत बंद करतो, तसंच.

शंकासुर
म्हणजे कळ त्या नर्सच्या फोनमध्ये आहे, मेसेजमध्ये नाही.

ओपीडी_खोली_दोन
कोणाला फोन करायचा ते मेसेज सांगतो. ४०० जणांना दर आठवड्याला फोन करणं एका सिस्टरला जमणार नाही, ४० जणांना जमेल.

नाडीपरीक्षा
'माम्बो' इथे कसं बसवायचं? एसएमएसला उलट उत्तर टाइप करणारे आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

डेव्हनागरी
मिस्ड कॉलने बसवा. तुमच्याकडे दोन सिमचा फोन आहेच. सोमवारी मेसेज, 'काय म्हणता?', खाली दोन नंबर. ठीक असेल तर पहिल्यावर मिस्ड कॉल, काही अडचण असेल तर दुसऱ्यावर. दोन्ही नंबर पेशंटच्या फोनमध्ये सिस्टरनेच भरून द्यायचे, एक 'दवाखाना ठीक', दुसरा 'दवाखाना अडचण' अशा नावाने. वाचता येत नसेल तर स्पीड डायल, १ दाबून धरायचं नाही (तिथे बऱ्याच फोनमध्ये व्हॉइसमेल बसलेला असतो), २ आणि ३ द्या. बुधवारी संध्याकाळी कॉल लॉग उघडून यादीशी ताडून बघायचं.

४०० जणांना हे सुरू करू नका. नवीन नाव नोंदलं किंवा औषध बदललं की पहिले १२ आठवडे, नंतर बंद. गळती याच काळात जास्त होते.

रेकॉर्डेड कॉल टाळा, निदान 'एक दाबा, दोन दाबा' वाला तरी. टचस्क्रीन फोन कानाला लावला की पडदा काळा होतो. 'एक दाबा' ऐकून म्हातारा माणूस फोन कानापासून काढतो, कीपॅड शोधतो, तोवर कॉल संपलेला असतो. नुसतं ऐकायचं रेकॉर्डिंग असेल तर ३०-४० सेकंद, आवाज ओळखीच्या सिस्टरचा, बोली गावातली. गरोदर बायांसाठी आपल्या देशात व्हॉइस कॉलचे मोठे कार्यक्रम चालतात. मुंबईतल्या वस्त्यांतलं 'एममित्र' आणि सरकारचं 'किलकारी', ज्यात बाळ वर्षाचं होईपर्यंत ७२ कॉल जातात. पण तिथे प्रत्येक आठवड्याला सांगायला काहीतरी नवं असतं. बीपीत दर आठवड्याला काय नवं सांगणार?

आता एसएमएसची मराठी. मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. सत्तरच्या वर गेलात की मेसेज तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्याला ६७, आणि पैसे तुकड्यागणिक. इथे 'अक्षर' म्हणजे आपण मोजतो ते नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'गोळ्या' ही आपल्याला दोन अक्षरं, यंत्राला सहा: ग, ो, ळ, ्, य, ा. हा मसुदा बघा:

'रमेशकाका, बीपीच्या गोळ्या संपत आल्या. बुधवारी सकाळी ९ ते १ या.'

६२ भरतात. 'बीपीच्या' काढलं तर ५३. काढाच, फोन सुनेच्या हातात असतो. उरलेल्या १७ मध्ये दवाखान्याचं नाव. पण रमेशच्या जागी ज्ञानेश्वर आला की सहा अक्षरं जादा लागतात, हिशेब सगळ्यात लांब नाव धरून करा. आणि कृपा करून 'आपण नियोजित दिनांकास उपस्थित राहावे' असलं काही लिहू नका. तशी भाषा वीजबिलाची असते, लोक तेवढ्याच प्रेमाने वाचतात.

ठोक एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (असे मेसेज पाठवणाऱ्यांची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी) लागते. आधी संस्थेची नोंदणी, मग सहा अक्षरांचा हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव), मग प्रत्येक मसुद्याची मंजुरी. नाव-तारखेसाठी रिकाम्या जागा सोडता येतात. मसुद्यात संस्थेचं नाव नसेल तर तो परत येतो. मंजूर मसुद्यात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी मेसेज वाटेतच अडतो आणि पेशंटला काही कळत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते: कोणीतरी 'जरा शुद्धलेखन सुधारतं' आणि महिनाभर एकही मेसेज पोचत नाही. म्हणून प्रत्येक खेपेच्या यादीत सिस्टरचा स्वतःचा नंबर पहिला घाला.

औषधी_दुकान
गोळ्यांच्या गणिताबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. २८ दिवसांनी बोलावता आणि २८ गोळ्या देता, तर एक बुधवार चुकला की त्या दिवसापासून औषध बंद. ३५ द्या. सात राखीव. पुढच्या वेळी उरलेल्या मोजून तेवढ्या कमी द्या, म्हणजे साठाही वाढत नाही आणि मोजणीही आपोआप होते.

दुसरं, स्ट्रिपा सारख्या नसतात. एक गोळी १० ची, दुसरी १५ ची, तिसरी १४ ची. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी संपतात. पेशंट एक संपली की 'आता सगळ्या एकदमच आणू' म्हणून थांबतो आणि बाकीच्याही विसरतो. मेसेज लावायचा तो सगळ्यात आधी संपणाऱ्या गोळीच्या तारखेवर.

नियमितपणा मोजायचा तर पेशंटला विचारत बसू नका, दिलेल्या गोळ्या मोजा. रोज एक गोळी असेल आणि १८० दिवसांत १३८ नेल्या, तर झाले ७७ टक्के. ८० च्या खाली गेला की लाल ओळीत घाला, मग तो तारखेला आलेला असो वा नसो.

सिस्टरताई
गोळी कशाला तरी बांधून द्यावी, गजराला नाही. 'सकाळी आठ वाजता घ्या' म्हटलं की विसरतात. 'चहाचं पातेलं उतरवलं की घ्या' म्हटलं की राहतं लक्षात. आणि पाकीट चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, कपाटात देवाच्या पुस्तकामागे नाही.

कफप्रवृत्ती
(नाव बीपीच्या कफवरून, म्हणजे दंडाला आवळतात त्या पट्ट्यावरून घेतलंय, वैद्यबुवा गैरसमज नको.)

घरच्या बीपीवर विसंबता येतं, पण मोजण्याची पद्धत पाळली तरच. आधी मशीन: दंडाचं, आपोआप फुगणारं. मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे. टेलरची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर घेर मोजा. साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरला नेहमीचा पट्टा, ३२ ते ४२ ला मोठा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगाच वाढलेलं दिसतं आणि गोळी वाढते. सदऱ्याची बाही वर गुंडाळली तर ती दंडाला आवळते, तेही चूक. बाही काढाच.

अर्धा तास आधी चहा, तंबाखू, चालणं नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजताना बोलायचं नाही, आणि शेजारच्यांनीही 'किती आलं?' विचारायचं नाही. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून मोजतात, हात मांडीवर. हात हृदयाच्या खाली राहिला की आकडा वर जातो. खुर्ची घ्या.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट. संध्याकाळी दोनदा. सात दिवस. पहिला दिवस टाकून द्यायचा, उरलेल्या सहा दिवसांच्या २४ मोजण्यांची सरासरी. घरची सीमारेषा १३५/८५, दवाखान्यातली १४०/९०. हा फरक पेशंटला आधीच सांगा, नाहीतर तो '१३८ आलं, म्हणजे चाळीसच्या आत' म्हणून खूश असतो.

डायरीतले आकडे खरे की मनाचे, हे ओळखायची एक सोपी युक्ती. मशीन १३७/८३ असं काहीही देतं. सात दिवसांत २८ मोजण्या म्हणजे ५६ आकडे. त्यातले शून्यावर संपणारे पाच-सहा असावेत. वीस-पंचवीस असतील तर कोणीतरी १४०/९०, १३०/८० अशी गोळाबेरीज केली आहे. म्हणून लिहून आणण्यापेक्षा मशीनच्या पडद्याचा फोटो मागवा, किंवा मशीनच घेऊन या म्हणा. आतल्या स्मृतीत सगळं असतं. पण तिथेही दोन खाचखळगे. सेल बदलले की काही मशिनांची तारीख मूळपदावर जाते, आणि नवरा-बायको एकच मशीन वापरत असतील तर दोघांचे आकडे एकत्र होतात. 'अ' आणि 'ब' वापरणाऱ्यांचं बटण असतं, ते कोणी दाबत नाही.

मशीन दवाखान्यात आलं की तुमच्या मशीनशी ताडून बघा. एकाच दंडावर आलटून पालटून. ५ पर्यंतचा फरक चालतो. सतत १० च्या वर असेल तर पट्टा तपासा, मग मशीन बदला. नाडी अनियमित असणाऱ्यांत मशीन फसतं, त्यांचं बीपी स्टेथोस्कोप लावून हातानेच घ्या.

अटलांटिकपार
इथे न्यू जर्सीत ब्लूटूथवालं मशीन सगळीकडे मिळतं, आकडा थेट मुलांच्या फोनवर येतो. आईवडील सांगली-साताऱ्याकडे, मुलं बाहेर, अशा घरांसाठी हे कितपत योग्य? आणि घड्याळावरचं बीपी?

कफप्रवृत्ती
घड्याळाचं सोडून द्या. दंडाला पट्टा न आवळता बीपी सांगणारी काही घड्याळं दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात, आणि ते जुळवणं कोणी करत नाही.

ब्लूटूथ चालेल, पण प्रत्येक आकडा मुलाकडे जाऊ देऊ नका. १५२ दिसलं की तिकडून फोन येतो, 'परत घे'. परत घेताना घाबरल्यामुळे १६० येतं. मग दिवसातून दहा वेळा पट्टा आवळणं सुरू. डॉक्टरांच्या भेटीच्या आधीचे सात दिवस मोजायचं आणि मुलाला सरासरी पाठवायची, बस. एरवी मशीन कपाटात.

ओपीडी_खोली_दोन
त्याला जोडून, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवणार असाल तर पहिल्याच दिवशी लिहून द्या की हा तातडीचा नंबर नाही. रात्री ११ ला १९०/११५ चा फोटो आला आणि सिस्टरने सकाळी पाहिला तर जबाबदार कोण? व्यवसायासाठीच्या मोफत व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपोआप उत्तर लावता येतं. त्यात हे टाका: वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. परत तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं एकही असेल तर मोजत बसू नका, १०८.

डेव्हनागरी
आणि पेशंटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. हात जोडून सांगतो. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कोणाला काय आजार आहे ते गावभर होतं, आणि चौथ्या दिवसापासून फक्त गुलाबाची फुलं आणि लिंबू-आल्याचे काढे फिरतात. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण मावतात, म्हणजे ४०० ला दोन याद्या. मेख अशी की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. म्हणून पुन्हा तेच: पेशंट समोर असताना नंबर साठवून द्या.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. केसपेपरवर मराठीत दोन ओळींची संमती घ्या: कशासाठी फोन करणार, कोणत्या नंबरवर, आणि नको असेल तर कसं सांगायचं. स्प्रेडशीटला पासवर्ड, आणि ती कोणाच्याही खासगी मेलवर नको.

गूळपोळी
शुगरवाल्यांचं कोणी बोलेना. ग्लुकोमीटरचे आकडे मागवणार असाल तर आधी हात साबणाने धुवून कोरडे करायला सांगा. आंबा, गूळ हाताला लागलेला असेल तर बोटावरचं थेंबभर रक्त भलताच आकडा दाखवतं, आणि तो बघून इन्सुलिन वाढवलं तर धोका. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्या. पट्ट्यांची बाटली उघडली ती तारीख तिच्यावरच पेनाने लिहा. बऱ्याच पट्ट्या उघडल्यावर तीनच महिने चांगल्या राहतात. बाटलीचं झाकण उघडं ठेवून कोकणातल्या पावसाळ्यात ती स्वयंपाकघरात ठेवली तर तेवढ्याही नाही.

मिठासाठी तर कसलंच तंत्रज्ञान नको. मिठाची एक किलोची पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहायची आणि फोटो पाठवायचा. संपली की परत फोटो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत म्हणते. चौघांचं घर असेल तर पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. ३० दिवसांत संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर. लोणचं, पापड, फरसाण यातलं वेगळंच. 'मीठ कमी खा' असे दहा मेसेज पाठवण्यापेक्षा हे दोन फोटो बरे, कारण घरातली बाई स्वतः गणित करते.

शंकासुर
मान्य. चालण्याच्या स्पर्धेबद्दलही एक विचारतो. विश्वस्त दहा हजार पावलांचं आव्हानही काढतीलच.

ओपीडी_खोली_दोन
दहा हजार हा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, त्या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर' असा. वैद्यकातून नाही आला. शिवाय बायकांचे फोन ओट्यावर नाहीतर चार्जरला असतात, दिवसभर घरात केलेली पावलं त्यात येतच नाहीत, आणि स्पर्धेत त्या तळाला दिसतात. गुडघे दुखणाऱ्यांनी तर नावच नोंदवू नये. स्पर्धा नको, ज्याची त्याच्या मागच्या आठवड्याशी तुलना पुरे.

औषधी_दुकान
शेवटी विश्वस्तांना दाखवायचा आकडा. 'बीपी आटोक्यात' कसं मोजता ते आधी ठरवा. १०० नोंदलेले, तिमाहीत ६० आले, त्यातल्या ४५ जणांचं १४०/९० च्या आत. आलेल्यांवर भागलं तर ७५ टक्के. नोंदलेल्यांवर भागलं तर ४५. दुसराच धरा. न आलेल्याचं बीपी आटोक्यात नाही असंच समजायचं. आकडा वाईट दिसेल, पण लाल ओळींवर फोन केले की वाढणार तोच.

नाडीपरीक्षा
खूप काही मिळालं. ठरवतो ते असं: अ‍ॅप रद्द. स्प्रेडशीट, दर गुरुवारी फोन, ३५ गोळ्या, समोरासमोर मिस्ड कॉल. नवीन नाव नोंदलेल्यांना १२ आठवडे सोमवारचा 'काय म्हणता?'. एसएमएसचा मसुदा मंजुरीला टाकतोय, डेव्हनागरींनी दिलेलाच, 'बीपीच्या' काढून.

डेव्हनागरी
थांबा, टाकू नका अजून. मसुद्यात 'बुधवारी' कायमचं लिहिलंय ना? दिवाळीतला बुधवार पाडव्याला आला तर ओपीडी शुक्रवारी घ्याल, आणि तेव्हा मसुदा बदलायला पुन्हा मंजुरी. 'बुधवारी' आणि '९ ते १' या दोन्ही रिकाम्या जागा ठेवा. आणि स्प्रेडशीटमध्ये सुट्टीच्या बुधवारांचा एक वेगळा तक्ता करून पुढची तारीख त्याच्याशी ताडून घ्या, नाहीतर २८ चं सूत्र पेशंटला बंद दवाखान्यासमोर आणून उभं करेल.

सिस्टरताई
आणि दिवाळीच्या आधीच्या बुधवारी ३५ नाही, ४२ द्या. त्या महिन्यात लेकी माहेरी आलेल्या असतात, कोणी येत नाही.